स्टँडवरचे एजंट आणि आमच्या लॉजचं पान

शिर्डीत आमच्या लॉजला कोणी नावं ठेवली नाहीत, पण मोबाईलवर शोधणाऱ्याला तो सापडतच नव्हता. स्टँडवरून गिऱ्हाईक आणणारे एजंट हात हलवत परत यायचे, कारण येणारा माणूस खोली ठरवूनच गाडीतून उतरायचा. शेवटी सासऱ्यांनी सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत खोल्या भरल्या नाहीत तर लॉज एका ऑनलाइन बुकिंग कंपनीला चालवायला द्यायचा. म्हणजे आमची पाटी उतरणार आणि त्यांची चढणार. लॉजची वेबसाइट मी बनवली होती. माझ्या जिवाला ते फार लागलं.

सासऱ्यांचा सगळा जन्म एजंटांवर गेलेला. मला न विचारता त्यांनी इंटरनेटवरही तोच खाक्या चालवला आणि फोन करून गळ घालणाऱ्या कुणाकडून आमच्या वेबसाइटकडे नेणाऱ्या लिंका विकत घेतल्या. बघता बघता टायरच्या दुकानांपासून टकलावर केस उगवणाऱ्या तेलापर्यंत नाही नाही त्या वेबसाइटवर आमचा लॉज झळकला. आणि सर्चमध्ये तिसऱ्या पानावर तरी दिसायचो, ते पार गायब झालो.

मी तडकलेच. सासऱ्यांना म्हटलं, "मामा, सोयरीक जमवताना मुलाकडचे स्वतःचं कौतुक करतात, त्यावर आपण मुलगी देतो का? गावात विचारतो. तेही पारावरच्या रिकामटेकड्यांना नाही, शाळेतल्या गुरुजींना. सर्चही तेच बघतो, आपल्या पानाकडे बोट कोण दाखवतंय. तुम्ही पैसे देऊन रिकामटेकडे गोळा केलेत."

"मग गुरुजी कुठून आनायचा?" त्यांनी विचारलं.

आणता येत नाही, त्याला आपणहून सांगावंसं वाटलं पाहिजे, एवढं बोलून मी कामाला लागले. विकतच्या लिंका भांडून काढायला लावल्या. सासरे काउंटरवर म्हाताऱ्या भक्तांना जे समजावत बसतात, काठीवाल्याने दर्शनाला कुठल्या वेळी जावं, बिनतिखटाची खिचडी कुठे मिळेल, ते सगळं त्यांच्याच तोंडून ऐकून वेबसाइटच्या एका पानावर लिहिलं.

नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाने आपल्या वेबसाइटवर, सहलीच्या माहितीत, त्या पानाची लिंक दिली. मग एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या ब्लॉगवर गुडघ्यांबद्दल लिहिता लिहिता दिली. विकतच्या ढिगाने बुडवलं होतं, या मोजक्या लिंकांनी वर काढलं. गणपती उठले आणि मोठमोठ्या हॉटेलांच्या पंगतीत, पहिल्या पानावर, आमचं नाव दिसलं. मी ते सासूबाईंना दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. मला गर्व झाला होता आणि तो मी लपवला नाही.

दिवाळीच्या तोंडावर बुकिंग कंपनीचा माणूस करार घेऊन आला, तेव्हा एकही खोली रिकामी नव्हती. त्याने सासऱ्यांना विचारलं, "तुमचं ऑनलाइनचं काम कुठली एजन्सी बघते?"

"घरचीच हाय," सासरे म्हणाले. "आत पोळ्या लाटतीय. लॉज द्यायचा का न्हाई, ते तिलाच इचारा."

मी पिठाच्या हातांनीच बाहेर आले आणि नाही म्हणून सांगितलं.