ट्रेलरला नंबर मिळेपर्यंत

अमेरिकेत, चँडलरच्या त्या घरातून मी बाहेर पडायचे ती गॅरेजमधून. पुढचं दार पाहुण्यांसाठी होतं. ते उघडायचं तर आधी अलार्म बंद करावा लागे, आणि त्याचा कोड मला कुणी सांगितला नव्हता. मुद्दाम लपवला होता असं नाही. सांगायचं राहून गेलं, आणि मग इतके दिवस लोटले की विचारणंच विचित्र वाटलं असतं. २००३च्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये गाडीमागे ओढायचा सामानाचा ट्रेलर बनायला लागला आणि माझी तीही वाट अरुंद झाली. भिंत आणि लोखंडी सांगाडा यांच्या फटीतून अंग चोरून बाहेर यायचं, आणि समोर काय, तर खडी पसरलेली अंगणं आणि ओळीने बंद असलेली दुसऱ्यांची गॅरेजं. बस नव्हती. चालत जाण्यासारखं काही नव्हतं. कोपऱ्यापर्यंत जाऊन मी परत यायचे.

घर माझ्या मोठ्या दिरांचं. त्यांना मी दादा म्हणायचे आणि जावेला, नवऱ्याचं ऐकून, वहिनी. लग्न होऊन आले तेव्हा नवरा म्हणाला होता, दोन महिने दादाकडे राहू, मग आपलं अपार्टमेंट बघू. दुसरा उन्हाळा आला तरी आम्ही मागच्या खोलीतच होतो. खिडकी उघडली की हातभर अंतरावर कंपाऊंडची भिंत. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. नोकरी करायची परवानगी नव्हती, सरकार माणसाला देतं तो सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, बँकेत नाव नव्हतं. ड्रायव्हिंग लायसन्स तेवढं होतं, तेही वहिनी हट्टाने मला परीक्षेला घेऊन गेल्या म्हणून. चालवायला गाडी मात्र नव्हती.

ऑक्टोबरात मी एक अपार्टमेंट बघून ठेवलं होतं. लायब्ररीच्या मागे, एक बेडरूम, दुसरा मजला. रविवारी नवऱ्याला लायब्ररीत सोडायला लावलं आणि तिथून एकटीच चालत जाऊन बघून आले. मॅनेजरबाई म्हणाली, महिनाअखेरपर्यंत ठेवते, पुढे नाही. सांगितल्यावर नवऱ्यालाही ते पसंत पडलं. "ट्रेलर झाला की जाऊ," तो म्हणाला. "भाड्याचा ट्रक कशाला उगाच?"

आमचं सामान म्हणजे एक गादी, कम्प्युटरचं टेबल, चार बॅगा आणि माझा मिक्सर. दादांच्या व्हॅनमधून दोन खेपांत गेलं असतं. पण व्हॅन मागायची म्हणजे कशासाठी ते सांगावं लागलं असतं, आणि आम्ही वेगळं राहणार आहोत हे नवऱ्याने अजून दादांना सांगितलेलंच नव्हतं. दादांच्या समजुतीप्रमाणे ट्रेलर मंडळाच्या गणपतीसाठी होता. मखर, सतरंज्या, मोठी पातेली दर वर्षी पाच जणांच्या गाड्यांतून न्यावी लागत. दोघे भाऊ शनिवार-रविवार गॅरेजमध्ये ठोकाठोक करत, आणि मी पुतण्याच्या शाळेच्या टी-शर्टांच्या घड्या घालत तो आवाज ऐकत असे. आवाज थांबला की मला भीती वाटायची. आज काही झालं नाही, असा त्याचा अर्थ.

दादांनी वेल्डिंग कॉलेजच्या वर्कशॉपनंतर पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. हात बसला का बघायला त्यांनी ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, जिथे तो गाडीला जोडतात तिथे, वेल्डिंगच्या रेघेने 'श्री' काढला. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर काढतो तसा. दसऱ्याला ट्रेलरची पूजा झाली. झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, सासूबाईंना नाशिकला पाठवायला फोटो झाले. आणि मग पुतण्या त्या दांड्यावर पाय देऊन वर चढला.

"अहो!" वहिनी ओरडल्याच. "इथे पाय ठेवूनच चढणार सगळे. श्रीवर पाय?"

दादांनी कपाळाला हात लावला. त्याच संध्याकाळी त्यांनी ग्राइंडर घेऊन ती अक्षरं घासून टाकली. दांडा पुन्हा गुळगुळीत झाला, तेवढाच भाग आरशासारखा चमकत राहिला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

घरी बनवलेल्या ट्रेलरला कंपनीचा नंबर नसतो की मालकीचा कागद नसतो. इन्स्पेक्टरला दाखवायचा, आपण बनवलाय हे पटवायचं, मग सरकार नंबर देतं. नवऱ्याने अर्धी सुट्टी घेतली आणि आम्ही दोघे गेलो. इन्स्पेक्टर उंच, पिकल्या मिशांचा माणूस होता. त्याने दिवे बघितले, चाकं बघितली, खाली वाकला. मग दांड्याच्या चमकत्या जागेवरून अंगठा फिरवला.

"इथला नंबर कुणी घासला?"

नवरा हसला. हसायला नको होतं. नंबर नव्हताच, तो म्हणाला, ते एक धार्मिक अक्षर होतं. ऐकताना मलाही ते खोटं वाटलं. कंपन्या नंबर नेमका इथेच टाकतात, इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला, आणि चोर तो नेमका इथेच घासतात. पुरावा आणा, नाहीतर हा पास होणार नाही. लहानपणापासून इंग्रजी शाळेत शिकलेली मी. सगळी वाक्यं डोक्यात तयार होती. एकही बाहेर आलं नाही.

परतताना नवरा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होता. "जाऊ दे यार, डोक्याला ताप. जानेवारीत बघू." मी त्याच्याकडे बघितलं. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा इतका मोकळा दिसला नव्हता. दादांना सांगायची वेळ टळली होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. जानेवारीनंतर काय असेल हेही मला दिसत होतं: टायर, मग रंग, मग पुन्हा गणपती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी चकलीची भाजणी भाजत होत्या. मी दारातच उभी राहिले.

"वहिनी, दसऱ्याचे फोटो आहेत का? ट्रेलरचे?"

"नाशिकला पाठवायचे काढून ठेवलेत. का गं?"

मी इन्स्पेक्टरचं सांगितलं. त्या उलथनं फिरवत ऐकत होत्या.

"हात्तिच्या! मग जाऊ दे की. गणपती आता पुढच्या वर्षी. एवढी घाई कुणाला आहे?"

उलथनं कढईला लागल्याचा आवाज येत राहिला.

"आम्हाला," मी म्हणाले.

"कुठे?"

"लायब्ररीच्या मागे. एक बेडरूम आहे. महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत ते."

वहिनींनी गॅस बंद केला. "भावजींच्या तोंडून निघालं नाही ते तू सांगतेयस. कमाल आहे. कॉन्व्हेंटमध्ये तोंड उघडायला शिकवतात तर." आणि मग, माझ्याकडे न बघता, "उद्या सकाळी मुलाला शाळेत सोडलं की निघू. ट्रेलर गाडीला कसा जोडतात ते तुला येतं ना? मला नाही येत."

मला येत होतं. सगळा उन्हाळा त्या फटीतून जाता-येता मी बघितलेलं होतं.

सकाळी दोघे भाऊ ऑफिसला गेल्यावर आम्ही निघालो. नवऱ्याच्या सह्या कागदांवर आधीच झालेल्या होत्या. व्हॅन वहिनी चालवत होत्या. मागे रिकामा ट्रेलर खडखडत होता.

"दोन वर्षं माझ्या घरात कपसुद्धा आवाज न करता ठेवतेस," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, हिला मी आवडत नाही."

"मला वाटायचं, तुम्हाला माझी अडचण होते."

"होतेच ना. ट्रेलरचीपण होते. म्हणून काय कुणी हाकलतं?" त्या हसल्या. सिग्नलला थांबल्यावर म्हणाल्या, "मला एकदा सांगायचंस."

तोच इन्स्पेक्टर होता. मी फोटो पुढे केला. तो ट्रेलरवरच टेकवून धरला. फोटोत दादा उकिडवे बसलेले, नारळ, हार, आणि दांड्यावर वेल्डिंगचा जाडजूड श्री. तो नंबर नव्हता हे कुणालाही दिसलं असतं.

"हे काय आहे?"

"काहीही सुरू करताना आम्ही आधी हे लिहितो," मी इंग्रजीत म्हणाले.

"मग घासून का टाकलं?"

पायाचं कसं सांगावं ते मला कळेना. तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या. त्यांनी वर चढण्यासाठी म्हणून पाय उचलला, चप्पल त्या चमकत्या जागेच्या वर आणली, आणि तिथेच थांबवली. टेकवली नाही. आता तिथे काही नव्हतं, तरी नाही. पाय मागे घेऊन त्यांनी वाकून त्या जागेला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"नो फीट," त्या म्हणाल्या. "माय फॉल्ट."

इन्स्पेक्टरने फोटो पुन्हा बघितला, मग वहिनींची चप्पल, मग दांडा. मिशी जराशी हलली. आम्ही सोबत नेलेल्या लोखंड-खरेदीच्या पावत्या त्याने भराभर उलटल्या आणि सही केली. आत खिडकीवर आम्हाला नंबरची पत्र्याची पट्टी मिळाली. ती मी घरी येऊन वहिनींच्या देखत रिव्हेटने त्याच घासलेल्या जागेच्या बाजूला, पाय लागणार नाही अशी, आडव्या अंगाला ठोकली. ट्रेलरला नंबर मिळाला. मला मिळायला पुढे बरीच वर्षं लागली, पण ती वेगळी गोष्ट.

संध्याकाळी नवरा गॅरेजमधून आत आला. पट्टी त्याने बघितली होती. जेवताना दादांनी विषय काढला, "अरे, पास झाला म्हणे! मखराची काळजी मिटली."

वहिनी आमटी वाढत होत्या. "भावजी, सामान कधी भरताय?"

दादांचा घास हातातच राहिला. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं, आणि या वेळी मान खाली घातली नाही.

"म्हणजे... विचार आहे," तो म्हणाला. "पण दिवाळी तोंडावर आलीय, वहिनी. दिवाळी झाली की..."

"दिवाळीला या ना," वहिनींनी त्याच्या ताटात आणखी आमटी वाढली. "फराळाला या. पुढच्या दाराने."