गडाखाली थांबलेले सर

मी आज जो काही आहे तो सगळ्यांत जास्त लॅटिनच्या सरांमुळे. नॉटिंगहॅमच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रज मुलांना लॅटिन शिकवलं. काहीही सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला, "तुला कसं कळलं?" बाहेर पाऊस पडतोय म्हटलं तरी विचारत.

मी २००५ साली करमाळ्याहून शिष्यवृत्तीवर तिथे एम.ए.ला गेलो. घरातला पहिला पदवीधर. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सरांशी ओळख झाली. गॉल टोळ्यांनी रोम जाळलं, त्यावर प्रबंध लिहायचाय हे ऐकून सर म्हणाले, "दर शनिवारी घरी ये. लिहिलेलं आण. आणि जेवून येऊ नकोस."

आमच्या शाळेत पुस्तकात छापलेलं ते खरं. उत्तर जितकं हुबेहूब, तितके मार्क जास्त. त्यामुळे हंसांच्या कलकलाटाने पहारेकरी जागे झाले आणि रोमचा गड वाचला, हे मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं लिहिलं. सर म्हणाले, "ज्याने हे लिहून ठेवलं तो साडेतीनशे वर्षांनंतरचा. तू त्याच्याहून ठाम! हंसांनी येऊन सांगितलं का तुला?" पाच पानांच्या समासात लाल शाईने एकच प्रश्न एकोणीस वेळा. परतताना बसमध्ये मला रडू आलं. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो.

जुलैतला एक दिवस सर पाळत. रोमची फौज गॉलांपुढून पळाली तो दिवस. रोमन लोक तो अशुभ मानत. "तुझ्या घरी अमावास्या पाळतात ना? तशी ही माझी," म्हणत, आणि त्या दिवशी काहीही नवीन सुरू करत नसत. त्या जुलैत टेबलावर हॉस्पिटलचं पत्र होतं. सर बारीक झाले होते. मी विचारलं तर म्हणाले, "अल्सर आहे. नेमकं काळ्या दिवशी बोलावलंय, म्हणून पुढे ढकललं. तुझा प्रबंध गेला की बघू." मला हसू आलं. आमटी-भात वाढून घेतला.

शेवटचं प्रकरण आम्ही ऑगस्टमध्ये संपवलं. गॉल शहरात शिरले तेव्हा तरुण गडावर चढले. म्हातारे मात्र मानाचे पोशाख घालून आपापल्या घरी खुर्चीत बसून राहिले आणि तिथेच मारले गेले. गडावरचा दाणागोटा तरुणांना पुरेसा व्हावा म्हणून ते खाली थांबले, असं मी लिहिलं. सगळ्या प्रबंधातल्या माझ्या ठाम वाक्यांपैकी या एकाच वाक्याशेजारी लाल शाई नव्हती.

सप्टेंबरमध्ये प्रबंध देऊन मी नोकरी शोधायला लंडनजवळ मेडनहेडला मित्राकडे गेलो. तिथे नीनाचा फोन आला. नीना सरांची मुलगी, नॉटिंगहॅमलाच जन्मलेली.

"बाबा तुला खोटा बोलला. अल्सर नाही, कॅन्सर आहे. केमोला नो म्हणाला. केमोमध्ये डोकं चालत नाही म्हणे, आणि तुझा लिहिणं राहिला होता."

"तू थांबवलं का नाहीस?"

"तू ट्राय कर ना त्याला थांबवायला! आता तर कोणालाच भेटत नाही म्हणतो."

मी त्याच दिवशी पत्र टाकलं. नीनाने ते त्यांना वाचून दाखवलं. शुक्रवारी सर गेले. पत्र असं होतं:

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

नीनाने सगळं सांगितलं. तुम्ही अल्सर म्हणालात तेव्हा 'तुम्हाला कसं कळलं?' एवढंही मी विचारलं नाही. वर्षभर तुम्ही दुसरं काय शिकवत होतात? त्या एका वाक्याशेजारी तुम्ही काही लिहिलं नाहीत, तेव्हा मला वाटलं, चला, हे जमलं.

गडावरच्या तरुणांना निदान खाली काय चाललंय ते दिसत होतं. मी तर तुमच्यासमोर बसून जेवत होतो.

शनिवारी येतो. नको म्हणालात तरी येतो. जेवून येईन.