कुलदैवताचा रकाना

रविवार, ११ मार्च २००१. वर्षाची चटणी करायची होती. पाच किलो संकेश्वरी आणि तीन किलो ब्याडगी मिरची दोन दिवस गच्चीत कडकडीत वाळवून खाली आणली होती, आणि पुढच्या खोलीत पोतं पसरून मी देठं खुडत बसले होते. कांडप गिरणीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा नंबर मिळाला होता, म्हणजे देठं त्याच दिवशी संपवायला हवी होती. दहाच्या सुमारास दारात स्कूटर थांबली. शाहूपुरीतले गुळाचे अडतवाले आले होते आणि त्यांच्या हातात ते पुस्तक होतं.

पुस्तक आमच्या आडनावाच्या मान्यवरांचं. आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. गडहिंग्लज तालुक्यातल्या एका गावाच्या नावाला 'कर' लावून ते झालं आहे, एवढं पुरे. गाव सोडून जो कुणी बाहेर पडला त्याला ते चिकटलं. मग तो पाटील असो, वाणी असो, मुसलमान असो, नाहीतर आमच्यासारखा वेशीबाहेरचा असो. मला ते लग्नात मिळालं, रेशन कार्डावर नाव चढलं तसं. त्याचं कौतुक होतं ते माझ्या सासऱ्यांना.

सासऱ्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. पदवीचे डॉक्टर नव्हते, पण तालुका त्यांना डॉक्टरच म्हणायचा. ज्या गोठ्यांच्या दारात त्यांच्या वडिलांना कधी उभं राहू दिलं नाही, त्याच गोठ्यांत आण्णांनी खांद्यापर्यंत हात घालून अडलेल्या म्हशी सोडवल्या होत्या.

अडतवाले आमच्याकडे पहिल्यांदा आले ते नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतर. पन्नाशीचे, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, हातात रेक्झिनची पिशवी. ओळख ना पाळख, मला थेट वैनी म्हणाले.

"वैनी, डॉक्टर हायत का घरात?"

"काय काम आहे?"

"आडनावाचं काम हाय."

आडनावाचं काम म्हणजे काय, ते त्यांनी खुर्चीत बसून सांगितलं. आपल्या आडनावाची जी माणसं पुढं आली त्यांचं पुस्तक काढायचं. प्रत्येकाला एक पान, एक फोटो. "एक पैलवान हाय, एक जज्ज हाय, एक बाई साखर कारखान्यावर संचालक हायत, एक पेटीमास्तर हायत. डॉक्टरांबिगर पुस्तक व्हायचं न्हाय."

"वर्गणी किती?" मी विचारलं.

"वर्गणी न्हाय."

यावर माझा संशय वाढला. "मग निवडणुकीला उभे राहताय?"

"वैनी, मी गूळ इकतो."

आण्णा हसले. पाहुण्यासमोर मी असं विचारलेलं एरवी त्यांना चालायचं नाही, पण त्या दिवशी ते खूश होते. अडतवाल्यांनी मग गावची जुनी गोष्ट काढली. त्यांच्या वडिलांची म्हैस दोन दिवस अडली होती, आण्णा सायकल मारत पावसातून आले, आणि रेडकू जिवंत निघालं.

"रेडी हुती," आण्णा म्हणाले. "पुढं तिची चार वेतं झाली."

"व्हय, रेडीच हुती. बघा, डॉक्टरांच्या ध्यानात हाय."

जाताना त्यांनी दोन कोरे फॉर्म ठेवले. एक खराब झाला तर दुसरा असावा म्हणून. ते गेल्यावर मी फॉर्म वाचला. नाव, जन्मगाव, शिक्षण, नोकरी, विशेष कार्य. आणि शेवटचा रकाना कुलदैवत.

मी तेव्हा पन्हाळ्याला तहसील कचेरीत कारकून होते. रोज एसटीने जायचं, दिवसभर लोकांचे अर्ज तपासायचे आणि परत यायचं. कुठला रकाना माहितीसाठी असतो आणि कुठला माणूस ओळखण्यासाठी, हे एवढ्या वर्षांत कळायला लागतं. हा ओळखण्याचा होता.

याला कारण आहे. एक्क्याण्णव साली मी आणि माझे यजमान कोल्हापुरात भाड्याची खोली शोधत होतो. आडनाव सांगितलं की घरमालक खूश व्हायचे. "आमच्या गावाकडचं पावणं की, बसा बसा." चहा यायचा. मग कपातला चहा निम्मा झाला की प्रश्न यायचा, "कुठल्या आळीतलं?" यजमान सरळ सांगायचे. मग त्या खोलीला रंग द्यायचा असायचा, नाहीतर मालकाचा पुतण्या शिकायला येणार असायचा. तिसऱ्या घरी मी चहा येण्याआधीच आळी सांगून टाकली. सगळ्यांचाच वेळ वाचला. अडतवाल्यांचा रकाना मला त्याच प्रश्नाचा छापील अवतार वाटला.

आण्णांनी फॉर्म भरायला चार दिवस घेतले. हात कापायचा, त्यामुळे पाटावर कागद ठेवून एकेक अक्षर काढत होते. मधल्या काळात स्टुडिओत जाऊन कोट घालून फोटो काढून आले. औषधाच्या दुकानात, रेशनच्या रांगेत, जिथं जातील तिथं आपलं पान छापून येणार असल्याचं सांगत होते. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'कुलदैवत नाही. छप्पन सालानंतर गावात ज्यांनी पहिल्यांदा बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यांत मी होतो. घरातले टाक मी स्वतः हिरण्यकेशीत सोडले.'

टाक म्हणजे देव्हाऱ्यातले देवांचे ठसे उमटवलेले पत्रे. आण्णांनी ते आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून नदीवर नेले होते. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि तीही भाजी निवडता निवडता सांगावी तशी.

मी म्हणाले, "आण्णा, अक्षर हललंय. मी दुसऱ्या फॉर्मवर नीट उतरून पाठवते."

"उतर. पर शबूद बदलू नगंस."

मी एकही शब्द बदलला नाही. तो रकाना तेवढा सोडला.

मला खात्री होती की ती ओळ वाचली की आण्णांचं पान गळणार. तोंडावर कुणी काही म्हणणार नाही. जागा कमी पडली, फोटो नीट आला नाही, फॉर्म उशिरा मिळाला, असं काहीतरी होणार. आणि म्हातारा माणूस औषधाच्या दुकानात काय तोंड दाखवणार? एकदा पान छापून येऊ दे, मग रकाना रिकामा राहिला तर आण्णांना सांगू की जागेअभावी गाळला असेल, असं मी ठरवलं.

कचेरीत मी अर्जदारांना रोज बजावायचे की लागू नसलेला रकाना मोकळा सोडू नका, आडवी रेघ मारा. मोकळा रकाना दुसरा कुणीही भरू शकतो. पण इथे मी रेघही मारली नाही. कुलदैवताच्या रकान्यात रेघ मारणं म्हणजे आळी सांगण्यासारखंच होतं. फॉर्म पाकिटात घालून टपालात टाकला. आण्णांच्या हातचा कागद माझ्या फायलीत ठेवून दिला. कागद मी टाकून देत नाही.

तर त्या रविवारी अडतवाले पुस्तक घेऊन आले. बांधणी चांगली होती, वर जाड पुठ्ठा. पुढच्या रविवारी प्रकाशनाचा समारंभ आहे, त्याआधी पहिली प्रत डॉक्टरांना द्यायची होती, असं म्हणाले. मी मिरचीचे हात पदराला पुसून आधी शेवटची पानं उघडली. आण्णांना कुठल्या कोपऱ्यात बसवलंय ते मला बघायचं होतं. ते शेवटी नव्हते. 'इतर' असा विभागही नव्हता. नावं अकारविल्हे लावली होती. आण्णा पैलवान आणि जज्जसाहेबांच्या मध्ये होते, आणि फोटो तिघांचेही एकाच मापाचे होते. माझ्याकडे हरकत घ्यायला काही उरलं नाही. मी पुस्तक आण्णांच्या हातात दिलं.

आण्णा बोट फिरवत वाचायचे. ते बोट पानाच्या तळाशी थांबलं.

"कुलदैवत श्री जोतिबा," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे कुणी लिवलं?"

"मीच की," अडतवाले म्हणाले. "रकाना मोकळा हुता. गावातल्या निम्म्या घरांचं त्येच हाय. मोकळं बरं दिसंना."

"मोकळा कसा? मी लिवलंतं."

"न्हाय डॉक्टर. मोकळाच हुता. इचारायला दोनदा फोन केलता, कुणी उचलला न्हाय."

"मी लिवलेलं तुमी खोडलंसा."

"माज्या लेकरांची आण घ्यू का?"

"आण कशाला घेतासा. चाळीसच्या वर वर्सं झाली मला त्यातनं भाईर पडून. तुमी एका वळीत परत न्हिऊन बसवलं."

आण्णांचा आवाज चढलेला मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला. अडतवाल्यांचा चेहरा उतरला होता. "फॉर्म दुकानात हाय," एवढंच ते म्हणाले. दीड वर्ष मी त्या माणसावर संशय घेत आले होते, आणि आता आण्णाही घेत होते. मी गप्प बसले असते तर तो तसाच राहिला असता. निदान फॉर्म सापडेपर्यंत.

"आण्णा," मी म्हणाले, "तो रकाना मी सोडला. उतरताना."

आण्णा माझ्याकडे वळले. "का?"

"पुस्तकातून गाळतील म्हणून."

"गाळलं असतं तर गाळलं असतं. माजं मी बघितलं असतं."

अडतवाले हळूच म्हणाले, "वैनी, गाळायचंच असतं तर मी दारात आलो असतो व्हय?"

मी विचारलं, "ती ओळ जशीच्या तशी छापली असती?"

उत्तराला थोडा वेळ लागला. "पुस्तकाच्या कमिटीत दोगंतिगं बोललं असतं," ते म्हणाले. "छापली असती."

तो मधला वेळ माझ्या लक्षात राहिला. अजून आहे. माणूस खोटा नव्हता, पण छापलीच असती असं मी आजही लिहून देणार नाही.

आण्णांनी पुस्तक मिटून खुर्चीवर ठेवलं. "म्होरल्या रविवारी मी येणार न्हाय. सगळ्या पुस्तकातनं माजं पान फाडा."

"तीनशे प्रती बांधून झाल्यात, डॉक्टर."

"मग वर्सभर फाडत बसा," असं म्हणून आण्णा आत गेले.

अडतवाले पाणीही न पिता उठले. मी पुन्हा मिरच्यांशी बसले. यजमान बाजारातून आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुला कुणी सांगितला हा शहाणपणा?" मी देठं खुडत राहिले.

दुपारी देठं संपल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं. पेटीमास्तरांचं पान बघितलं. ते मुसलमान. त्यांच्या कुलदैवताच्या रकान्यापुढे एक सरळ आडवी रेघ छापली होती. त्यांनी फॉर्मवर रेघ मारली असणार, आणि त्या रेघेला कुणी हात लावला नव्हता. त्यांचं पानही कुणी गाळलं नव्हतं. ती रेघ मी बराच वेळ बघत होते. मारायला एक सेकंद लागला असता.

संध्याकाळी आण्णा जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. ताटं उचलल्यावर मी फायलीतून त्यांच्या हातचा फॉर्म काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमच्या अक्षरातली ही ओळच पानावर डकवली तर?"

त्यांनी चष्मा लावून स्वतःचं लिहिलेलं वाचलं. "अक्षर हललंय म्हणालीस की."

"हललंय. पण वाचता येतंय."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि चष्मा घडी करून ठेवला. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत फोन करून रजा टाकली आणि कांडपाचा नंबर शेजारणीला देऊन टाकला. शाहूपुरीत झेरॉक्सवाला उघडायची वाट बघत पायरीवर बसले. आण्णांच्या त्या ओळीच्या प्रती काढल्या, एका पानावर दहा बसतील अशा, आणि कात्रीनं पट्ट्या कापल्या. मग अडतवाल्यांच्या दुकानात गेले. त्यांनी मी न मागताच माझा फॉर्म पुढे केला. रकाना मोकळा होता, अक्षर माझं होतं. तरी मी दोन्ही बाजू तपासल्या. त्यांनी हमालाला कानडीत काहीतरी सांगितलं. तो मैद्याची खळ शिजवून घेऊन आला. गुळाच्या ढेपांपलीकडे भिंतीला पुस्तकांचे गठ्ठे लावले होते. मी पोत्यावर बसून पहिला सोडला. रविवारी आण्णा येणार का, ते मी घरातून निघताना विचारलं नव्हतं. पहिल्या प्रतीत त्यांचं पान काढलं, छापलेल्या शब्दांवर फूटपट्टी धरून आडवी रेघ मारली आणि खाली त्यांची ओळ डकवली. मिरचीनं बोटं अजून चुरचुरत होती. पान वाळायला उघडं ठेवून मी दुसरी प्रत घेतली.