कांतीलालशेठचा मखाना

मानोऱ्यात कांतीलालशेठच्या दुकानाचा पत्ता विचारला, तर लोक रस्ता सांगण्याआधी हसून घ्यायचे. दुकान धान्याचं, वडिलांच्या वेळचं. मागे गोदाम, गोदामावर घर. हसण्याचं कारण मात्र धान्य नव्हतं, उंदीर होते.

शेठ जैन. विष नाही, चाप नाही. संध्याकाळी गोदामात तारेचा पिंजरा लावायचा, आत भाकरीचा तुकडा अडकवायचा आणि सकाळी जो पाहुणा सापडेल त्याला पिंजऱ्यासकट उचलून गावाबाहेर नाल्यापलीकडे सोडून यायचं. नाल्यापलीकडे लोकांची वावरं होती. तिथले शेतकरी शेठना रामराम घालायचे, पण आधी हातातला पिंजरा भरलेला आहे की रिकामा ते बघून.

"शेठजी," गोदामात तूर पाखडायला येणारी तांड्यावरची हिरीबाई म्हणायची, "तुमी जाता चालत, अन् तो उंदीर येते पळत. तुमच्याआंधी घरी पोचते."

"येऊ दे. वळखीचा तरी राह्यते," शेठ म्हणायचे.

हिरीबाईला ती थट्टा वाटायची. थट्टा अर्धीच होती. बायको, भंवरीबाई, गेल्यापासून शेठचं दिवसभराचं बोलणं म्हणजे भाव आणि वजन. पोटातलं काही बोलायचं असेल तर ते त्या सकाळच्या वाटेवर, पिंजऱ्याशी. "काल जिनलचा फोन नाई आला. परीक्षा असंन." उंदीर मिशा हलवायचा. ऐकणारा मधूनच उठून जाऊ शकत नव्हता, एवढी एक सोय होती.

जिनल म्हणजे पुण्याची नात, मुलगा अर्हमची लेक. तिला कुत्रा पाहिजे होता आणि तिच्या आईला घरात नको होता. मग एकदा व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "दादाजी, तुम्हीच घ्या ना! मग मी दिवाळीची अख्खी सुट्टी तुमच्याकडे राहीन."

अख्खी. शेठनी हा शब्द दोनदा वदवून घेतला.

घराण्यात आजवर कोणी कुत्रा पाळला नव्हता. पण माल निवडण्यातच शेठचं आयुष्य गेलेलं. जिनलनं पाठवलेले फोटो चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांजवळ धरून त्यांनी एकेक पारखले. मोठा नको, खातो किती आणि आवरायचा कोणी? केसाळ नको, धान्यात केस जातील. चपट्या नाकाचा नको, तो घोरतो म्हणे, आणि घोरायला घरात आपण आहोतच. शेवटी उरला टेरियर. लहानसा, पांढरा, एका कानावर तपकिरी डाग.

"दाणा बारीक हाय, पण साफ हाय," शेठनी निकाल दिला. लहान कुत्र्याचा त्रासही लहान, असा त्यांचा साधा हिशेब.

अकोल्याच्या विकणाऱ्यानं त्यांना नीट सांगितलं होतं. "काका, हा मांडीवर बसणारा कुत्रा नाही. टेरियरला काम लागतं. तुम्ही नाही दिलं तर तो स्वतः शोधतो."

"दुकान हाय आमचं," शेठ छाती काढून म्हणाले. "कामाले काय तोटा?"

काय काम, ते त्यानं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. तूर घेताना दाणा दाताखाली फोडून बघणारा माणूस कुत्रा मात्र नुसता चेहरा बघून घेऊन आला.

जिनलनं फोनवरूनच नाव ठेवलं, मखाना. मखान्यानं आल्या आल्या दोन चपला संपवल्या, अंगणातली तुळस उकरली आणि झोपाळ्यावर उडी मारली. तो झोपाळा भंवरीबाईंचा. त्या गेल्यापासून शेठ शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि झोपाळा तसाच राहायचा. मखाना वर बसला तशी कडी कुरकुरली. त्या आवाजाला शेठनी मान वर केली. उतरवायला हात पुढे गेला, पण त्यांनी त्याला उतरवलं नाही.

दिवस बुडायच्या आत जेवायचा घराचा नेम. आता दोघांची ताटं एकदमच लागायला लागली. दूध-भाकर खाताना मखाना अधूनमधून शेठकडे अशा नजरेनं बघायचा, जणू शेठ भाजी वाढायचंच विसरले. पण दिवसभर गोदामात पोत्यापोत्याला नाक लावून हिंडायचा.

"धंद्यात लक्ष हाय पोराचं," शेठ कौतुकानं म्हणायचे. "आमच्या अर्हमचं कदी नव्हतं."

पर्युषणातली सकाळ होती. इतके दिवस पिंजरा घेऊन निघताना ते मखान्याला वर बांधून जायचे आणि तो रडून गल्ली डोक्यावर घ्यायचा. त्या दिवशी त्यांना त्याची दया आली. एका हातात पिंजरा, एका हातात पट्टा घेऊन निघाले. नाल्यापलीकडे पिंजऱ्याचं दार उघडलं. उंदीर निघाला, पट्टा हातातून निसटला. एक झडप, मानेचा एक झटका, झालं. मखान्यानं उंदीर आणून शेठच्या पायाशी ठेवला आणि शेपटी हलवत शाबासकीची वाट बघत बसला.

शेठ बांधावर बसले. मुंगी दिसली तर पाय उचलून धरणारा माणूस. तोंडून आपोआप 'मिच्छामि दुक्कडं' निघालं. पण ज्याची क्षमा मागायची, तो आता ऐकत नव्हता. आजवर याच वाटेवर त्यानं बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं होतं.

दुकानात हिरीबाईनं त्यांचा चेहरा बघितला. "काय झालं शेठजी? कोन गेलं?"

"उंदीर."

"हात्तीच्या! मंग पेढे वाटा ना."

"थट्टा नको, हिरीबाई."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "जातच त्याची तशी. तुमाले झेपत नसंन तं मले द्या. आमच्या सोयाबीनमंदी लय उंदरं झाले. अर्धे तं तुमचेच हायत."

शेठनी अर्हमला फोन लावला. मुलगा म्हणाला, "पप्पा, परत देऊन टाका. विषय संपला." मग फोन ठेवता ठेवता, "आणि जिनलचं सांगायचं राहिलं. दिवाळीत तिचे क्लास आहेत. या वेळी नाही जमणार."

"बरं," शेठ म्हणाले.

म्हणजे कुत्रा ज्याच्यासाठी आणला, ते कारणच संपलं. ते झोपाळ्याकडे बघत बसले. झोपाळ्यावर नवं कारण झोपलं होतं, पोट वर करून.

दुसऱ्या दिवशी हिरीबाई मखान्याला न्यायला दोरी घेऊनच आली. शेठ म्हणाले, "आमच्यात असं हाय बाई, मारणं पाप, मारवणं पाप, अन् मारणाऱ्याले बरं म्हणणंही पाप. तुमच्याकडे दिला तं मी मारवला. अकोल्याले परत केला, तो पुढं कोणी उंदरासाठीच नेला, तरी माहा वाटा राह्यलाच."

"मंग?"

"मंग काय, इथंच राहीन तो."

हिरीबाईनं दोरी गुंडाळली. "एवढं फिरून कायले जाता शेठजी? सोडवत नाई, असं म्हना ना सरळ."

शेठ काट्यावरची धूळ पुसू लागले. काटा सकाळीच पुसलेला होता.

पण धान्य तिथं उंदीर, आणि उंदीर तिथं मखाना. दोन्ही एका छपराखाली राहणार नव्हते. मुलगा वर्षानुवर्षं सांगत होता, दुकान बंद करा, करा. त्याचं ऐकलं नाही ते कुत्र्याचं ऐकलं. कारंज्याच्या व्यापाऱ्याची गाडी आली आणि वडिलांच्या वेळेपासून कधी पूर्ण न रिकामं झालेलं गोदाम दुपारपर्यंत रिकामं झालं. हिरीबाईनं शेवटचं झाडून घेतलं. "आता मी काय पाखडू?" ती म्हणाली. शेठनी तिला घरची झाडलोट सांगितली. ती दिवसातून एकदा येऊन जायला लागली. पूर्वी दिवसभर असायची.

शेवटच्या पिंजऱ्यात एक सापडलाच. मखान्याला वर कोंडून शेठ एकटे निघाले. वाटभर काही बोलले नाहीत. दार उघडल्यावर एवढंच म्हणाले, "आता परत येऊ नको. घरी तुले भेटीन तो मी नसीन."

उंदीर गेला. वळून बघण्याची त्यांच्यात पद्धत नाही.

दिवाळीत जिनलचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा शेठ गोदामातच खुर्ची टाकून बसले होते. कोपऱ्यात भिंतीला एक बीळ होतं. त्याच्यासमोर मखाना कान ताठ करून बसलेला. हल्ली तो दिवसभर तिथंच असायचा, म्हणून खुर्चीही खाली आली होती.

"दादाजी, मखाना काय करतोय?"

"वाट पाहून राह्यला."

"कोणाची?"

शेठनी फोन जरा लांब धरला. नातीसाठी उन्हात घालून आणलेली गादी वरच्या खोलीत तशीच पसरलेली होती.

"उंदराची," ते म्हणाले.

"येणार आहे का तो?"

"नाई. पण त्याले कोन सांगीन?"