एकाच पत्त्यावरचे दोन देश

तुमसरच्या एका विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती. चौदा टेबलं, दोन पंखे आणि एक वाय-फाय. पदवीनंतरची दोन वर्षं मी तिथं काढली. सकाळच्या एसटीनं आंबागडहून यायचं, संध्याकाळी परतायचं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. घरी वाचायला शांत कोपरा नव्हता, आणि विहाराच्या मंडळींनी जात-गाव न विचारता मला ती खुर्ची दिली होती. त्या खुर्चीवर बसून माझ्या हातून जे झालं, ते लिहायचं मी बरेच दिवस टाळलं.

दुपारी डबा खाल्ला की अर्धा तास मी देश चालवायचो. फोनवरचा खेळ होता. प्रत्येकाचा एक देश. त्याची शेती, कारखाने, कर, सैन्य सगळं आपणच बघायचं. एकटा देश टिकत नसे, म्हणून दहा-वीस देश मिळून आघाडी करत. आघाडीत अध्यक्ष, मंत्री, करार, ठराव असं सगळं असे. आमच्या आघाडीची अध्यक्ष पोलंडमधली एक नर्स होती आणि मी परराष्ट्रमंत्री होतो. हसू येईल, पण इंग्रजीत चार ओळींचं पत्र घाम न फुटता लिहायला मी तिथंच शिकलो. तिथं मला कुणी कधी विचारलं नाही की तुझी शाळा कोणती.

माझ्या शेजारच्या टेबलावर बपेरा गावचा एक जण बसायचा, त्याला मी भाऊ म्हणायचो. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आम्ही एकमेकांचे सराव पेपर तपासायचो. तो अर्धा गुणही जास्त देत नसे. मी कुरकुर केली तर म्हणायचा, "मी दिले म्हनून आयोग देनार हाय का बे?" त्याच्याएवढा सरळ माणूस मी त्या हॉलमध्ये पाहिला नाही.

त्या सोमवारी तो पाणी भरायला खाली गेला होता. त्याचा फोन चार्जिंगला लावलेला होता, आमच्या दोघांच्या टेबलांच्या मध्ये. फोन उजळला म्हणून माझी नजर गेली. आधी झेंडा दिसला, तोच खेळ. मग खाली एक यादी दिसली. यादीत आमच्या आघाडीतले सहा देश होते, प्रत्येकासमोर हल्ला करणाऱ्यांची नावं, आणि वर लिहिलं होतं : बुधवार, दिवस बदलताच.

खेळातला दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलायचा. लढाया त्याच मिनिटाला सुरू होत.

मी मान वळवली आणि पुस्तकात बघत बसलो. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. तो समोरच्या आघाडीत आहे हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि त्याला माझं माहीत नव्हतं. एक नजर चुकून गेली, ती माझी चूक नव्हती. पण आठवड्यापूर्वी मीच आमच्या लोकांना लिहून दिलं होतं की समोरची आघाडी हल्ला न करण्याचा करार पाळेल, काळजी नको. बुधवारी हल्ला झाला असता तर माझा शब्द खोटा ठरला असता. मला त्याचीच जास्त भीती वाटली, हे आज कबूल केलेलं बरं.

तो बाटली घेऊन वर आला. "काहून बे, तोंड उतरलं तुहं?"

"काही नाही भाऊ. डोकं दुखून राहिलं."

त्यानं पिशवीतून गोळी काढून दिली. मी ती घेतली, जिन्यावर गेलो आणि अध्यक्षांना कळवलं. खबर कुठून मिळाली असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, त्यांच्यातलाच एक भरवशाचा माणूस आहे.

मंगळवारी पहाटे आमच्या आघाडीनं एक दिवस आधीच हल्ला केला. समोरच्यांचं निम्मं सैन्य पहिल्या तासात संपलं. सगळे मला शाबासकी देत होते. त्या भरात आमच्यातल्या एकानं समोरच्यांना जाहीरपणे डिवचलं : तुमच्या घरातच आमचा माणूस बसला आहे.

त्या दिवशी भाऊ अभ्यासिकेत आला, पण संध्याकाळपर्यंत त्यानं पान उलटलं नाही. मी विचारलंही नाही.

बुधवारी सकाळी त्यानं खुर्ची माझ्याकडे ओढली. "तुले एक गोष्ट इचारू? तू हसजो नको."

त्यानं फोन पुढे केला. खेळाच्या व्यवस्थापकांची नोटीस होती. त्यांचा मोठा नियम एकच : एका माणसाचा एकच देश. त्याच्या आघाडीनं तक्रार केल्यावर त्यांनी तपासलं, तेव्हा त्याचा देश आणि शत्रूपक्षाच्या परराष्ट्रमंत्र्याचा देश एकाच इंटरनेट पत्त्यावरून चालताना दिसले. म्हणजे दोन्ही देशांमागे एकच माणूस, आणि तोच फितूर, असा त्यांचा निष्कर्ष. नवा देश पुसायचा, जुना ठेवायचा, ही शिक्षा. माझा देश त्याच्या देशाहून चार महिन्यांनी जुना होता. त्याचा गुरुवारी पहाटे साडेपाचला पुसला जाणार होता. एका नेटवर दोन जण खेळणार असतील तर आधी कळवायचं असतं, हेही खाली लिहिलं होतं. आमच्याकडे एका वाय-फायवर आख्खा हॉल चालतो. असं काही कळवायचं असतं हे आमच्या डोक्यातही आलं नसतं.

"हा दुसरा देश कोनाचा असंल बे?" त्यानं हॉलवर नजर फिरवत हळूच विचारलं. "इथूनच चालते म्हनते. तुले कोनावर शक हाय?"

मी सांगितलं, "माझा आहे."

मग मी सगळं सांगितलं. फोन, यादी, जिना. आवाज खाली ठेवावा लागत होता, त्यामुळे ते आणखीच वाईट ऐकू येत होतं.

"अन् मी तुले गोळी देल्ली," तो म्हणाला.

"हो."

"मले इचारलं असतं तं मीच सांगतलं असतं, बाबू, इकडं पाहू नको म्हनून." त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला. "भरतीच्या यादीत तीनदा नाव नाई आलं माहं. घरचे इचारते, काय करून राहिला. हे एक तं माह्या हातानं उभं झालं होतं."

मी व्यवस्थापकांना लिहिलं की आम्ही दोन वेगळी माणसं आहोत. तासाभरानं उत्तर आलं. दोघांनी संध्याकाळी सहाला दोन वेगळ्या ठिकाणांच्या नेटवरून खेळात यायचं. ते दोघांना एकाच क्षणी प्रश्न विचारतील, दोन मिनिटांत आपापलं उत्तर द्यायचं. मोबाइलचं नेट चालणार नाही, कारण ते दोघांचंही एकाच शहरातून दिसतं.

"देश वाचंल," भाऊ नोटीस बंद करत म्हणाला. "पन माहे लोक मले गद्दारच म्हननार."

मी एसटी पकडली.

आंबागडात तारेचं नेट एकाच ठिकाणी होतं, ग्रामपंचायतीत. मी पोहोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या वहिनी खिडक्या लावत होत्या.

"वहिनी, सहापर्यंत थांबता का? नेट पाहिजे."

"कायचा फारम हाय?"

"फॉर्म नाही. एका मित्राचा देश वाचवायचा आहे."

त्यांनी कडी तशीच सोडली. "परीक्षा देऊन देऊन आता देशच चालवाले निघाले का भाऊजी?" मी हसलो नाही हे बघून त्या खुर्चीवर टेकल्या. "सहा म्हंजे सहा. मले सैपाक हाय."

पाच पन्नासला नेट गेलं. वहिनींनी नेटची डबी बंद करून पुन्हा चालू केली. हिरवा दिवा लुकलुकत राहिला, स्थिर होईना. त्यांनी वायर काढली, पदरानं पुसली, परत खोचली. पाच सत्तावन्नला दिवा स्थिर झाला.

सहाला प्रश्न आला : तुमच्यासमोर या क्षणी काय आहे ते लिहा. मी लिहिलं : घरकुलाच्या यादीचा कागद, बंद टेबलफॅन, हातात कुलूप घेतलेली एक बाई. त्याच वेळी भाऊ तुमसरातून आपलं लिहीत असणार. एक मिनिट उरलं होतं. माझं काम तिथं संपलं होतं. दोन माणसं असल्याचं सिद्ध झालं असतं.

मग मी खाली आणखी चार ओळी लिहिल्या. यादी मी त्याच्या फोनवर त्याला न विचारता वाचली. त्यानं कुणालाही काही सांगितलं नाही. भरवशाचा माणूस असं जे मी म्हटलं, ते खोटं होतं. हे दोन्ही आघाड्यांना जसंच्या तसं दाखवावं.

पाठवलं तेव्हा अकरा सेकंद शिल्लक होते.

निकाल पंधरा मिनिटांत आला; सहा म्हणाल्या तरी वहिनी तोवर थांबल्या. त्याचा देश राहिला. माझं पत्र दोन्हीकडे लागलं. आमच्या आघाडीच्या चर्चेच्या खोल्या माझ्या पडद्यावरून एकेक करून नाहीशा झाल्या. अध्यक्षांनी मला काढण्याआधी एक ओळ लिहिली की त्यांनी माझ्या शब्दावर युद्ध सुरू केलं होतं. त्यांचं बरोबर होतं.

"झालं का काम?" वहिनींनी कुलूप लावताना विचारलं.

"झालं."

"मंग असं तोंड काहून?"

भाऊचा मेसेज घरी जाताना आला. "माह्या लोकायनं मले परत घेतलं. तुले नाई घेत म्हनते." मी तो दोनदा वाचला. त्यात चेष्टा होती की नाही, मला कळलं नाही.

आघाडीबाहेरच्या देशावर कुणीही तुटून पडू शकतं. गुरुवारी पहाटे साडेपाचला मी घरामागच्या बांधावर, जिथं थोडी रेंज यायची तिथं, उभा होतो. आई परसातून म्हणाली की चहा निवतो. तीन हल्ले आले. तिन्ही आमच्याच जुन्या आघाडीतले. ज्यांच्यासाठी मी करार लिहिले, त्यांची सैन्यं माझ्या सीमेवर होती. प्रतिकार करायचं बटण समोर होतं. मी ते दाबलं नाही आणि चहाला गेलो.

नऊला अभ्यासिकेत पोहोचलो. माझ्या खुर्चीवर भाऊची बॅग ठेवलेली होती. मी जिन्याच्या तोंडाशी थांबलो. दुसरी कुठली खुर्ची रिकामी आहे ते बघत होतो.

त्यानं वर न पाहता विचारलं, "किती राह्यलं?"

"राजधानी राहिली, भाऊ."

"सैन्य?"

"नाही."

त्यानं हातातलं पान संपेपर्यंत वाचलं. मग बॅग उचलून आपल्या पायाशी ठेवली.