दिगूनं हात वर केला

सुनीताचा फोन आला तेव्हा मी पिंपळगाव राजाच्या माझ्या कृषी केंद्रात खताच्या गोण्या उतरवून घेत होतो. “काका, बाबा गेले,” एवढंच बोलली... दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, माझा शाळेपासूनचा मित्र, जिल्हा परिषदेचा सदस्य आणि मी पाहिलेला सर्वांत हेकट माणूस. महिना होत आला. लोक त्याला ‘निष्ठावान’ म्हणून मोकळे झालेत. तो शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, कारण त्या निष्ठेपायी त्यानं काय पणाला लावलं होतं ते मी जवळून पाहिलंय.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. दिगूचे व्याही, दुसरबीडचे नामदेवराव, दुसऱ्या पक्षाकडून उभे होते. आधी दोन्ही पक्षांची युती ठरली, पेढे वाटून झाले, दिगू खूश. मग रिवाजाप्रमाणे सदस्यांना ‘सहली’ला नेलं, म्हणजे फुटू नयेत म्हणून लांबच्या हॉटेलात कोंडलं. ते तिकडे असतानाच वरच्यांनी युती मोडून तिसऱ्याशीच सोयरीक केली आणि व्हिप निघाला, नामदेवरावांच्या विरोधात मत द्या. दिगूची लेक सुनीता ही नामदेवरावांची सून. लग्नाला पाच वर्षं होऊनही मूल नव्हतं, सासूची बोलणी चालूच होती. आता बापाचा हात विरोधात गेला तर तिला माहेरी धाडायचं, अशी कुजबुज माझ्या कानावर आली.

मतदानाच्या दिवशी बुलढाण्यात सभागृहाबाहेर मी दिगूला बाजूला ओढलं. तुझ्या पक्षानं आठवड्यात दोनदा घर बदललं, मग तू कोणाशी इमान राखून राह्यला बे, असं विचारलं.

“लोकायनं चिन्ह पाहून बटन दाबलं, माह्यं थोबाड पाहून नाही,” तो म्हणाला.

मी सुनीताचं नाव काढलं तर ऐकून न ऐकल्यासारखं करून आत निघून गेला. मला त्याचा असा राग आला की काय सांगू. लेकीच्या जिवावर कसलं हे राजकारण...

मतदान हात वर करून होतं. बाहेर आलेल्यांनी सांगितलं, दिगूचा हात सर्वांत आधी वर गेला. नामदेवराव दोन मतांनी पडले. दिगू त्यांच्याकडे वळला असता तर बरोबरी होऊन चिठ्ठी टाकावी लागली असती. विजयाच्या गुलालाला न थांबता तो माझ्या गाडीत येऊन बसला आणि म्हणाला, “दुसरबीडले घे.”

नामदेवरावांच्या अंगणात न फुटलेल्या फटाक्यांची खोकी पडली होती आणि कार्यकर्ते दात-ओठ खात उभे होते. एकानं आमच्या बोनेटवर जोरात हात आपटला. दिगूनं मात्र शांतपणे पाय धुतले, ओसरीत मांडी घातली आणि आत हाक दिली, “सुनीता, जेवाले वाढ.”

आमच्याकडे लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या सासरी जेवत नाही. दिगूनं तर तिथं कधी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. अंगणातले कार्यकर्ते ओसरीच्या कडेला येऊन पाहू लागले. सुनीतानं भाकर आणि वांग्याची भाजी आणली. तेवढ्यात नामदेवराव दारात आले. दिगूनं मान वर न करता घास मोडला. त्यांनी दिगूच्या ताटाकडे पाहिलं. मग त्याच्यासमोर बसले आणि सुनेला म्हणाले, “मलाबी वाढ.”

मागच्या आठवड्यात दुसरबीडला गेलो होतो. त्याच ओसरीत बसलो असताना नामदेवराव आपणहून बोलले.

“त्या दिवशी सुनीताला माहेरी सोडायला मी गाडी बोलावून ठेवली होती. पण बाप ओसरीत जेवतोय अन् मी त्याच्या लेकीला घराबाहेर काढू, हे कसं जमावं?”

मी म्हणालो, बिचाऱ्या दिगूला याची कल्पनाही नसेल.

सुनीता चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “माहीत होतं त्यायले. सकाळीच फोनवर सांगतलं होतं मी, का बाबा, तुमी हात वर केला तर मले हाकलतीन.”

“मग काय म्हणाला तो?”

“म्हणे, स्वयंपाक करून ठेव, मी येतो.”