चार कणसांची माफी

“थांब बे बुढ्या. पुन्हा बोल. मोबाइलमंदी घेतो.”

मी पुन्हा बोललो.

हात जोडलेले. चप्पल फाटकाबाहेर काढून ठेवलेली. काढ म्हणून कोणी म्हणलं नव्हतं, पायाले सवयच तशी. मालकाचा पोरगा अंगणात खुर्चीवर बसला होता, त्याचा एक सोबती बाजीवर. बाप गेल्यापासून मालक तोच. पोरगा म्हणतो मी, पण पन्नाशीचा माणूस तो. मी पंचाहत्तरीचा. त्याचा मोबाइल माह्या तोंडासमोर.

“मालक, मोठ्या दुष्काळात माह्या बायकोनं तुमच्या मळ्यातली ज्वारीची चार कणसं तोडली होती. तिले माफी करा.”

सोबती पोट धरून हासला. “चारच काय बे? का पाच होते? नीट आठवून पाह्य.”

मालकाचा पोरगाही हासला. मग फोटोतल्या देवासारखा हात वर केला. “जाय. माफ केलं.”

“उपकार झाले, मालक,” मी म्हणालो.

हे मी म्हणालो. माह्याच तोंडानं. ते आधी लिहून ठेवतो. हे झाकलं तं पुढच्या बोलण्याले काही किंमत राहत नाही. शाळा माही दुसरीपर्यंत. अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. पण लिहितो मीच. दुसऱ्याले सांगून लिहून घेणारा माणूस मी नाही.

आता कशाले गेलो होतो ते सांगतो.

आमचं गाव संग्रामपूरच्या अंगाले, सातपुड्याच्या पायथ्याशी. आम्ही मांगवाड्यातले. दोर वळणारे. माही बायको पारू. तीन वर्षं झाली, ती प्रार्थनेले जाते. गावाबाहेर टिनाचं शेड आहे, तिथं दर रविवारी तालुक्याहून पास्टर येतो. मी तिले आडवलं नाही. काऊन आडवू? पास्टर पह्यल्या दिवशी आमच्या घरी आला, आमच्या माठातलं पाणी आमच्याच गिलासात पेला, अन् पारूच्या डोक्यावर हात ठेवला. या गावात तिच्या डोक्यावर असा हात कोणी ठेवला होता? मी ते इसरलो नाही. आजही इसरत नाही.

तिथं एक रीत आहे. साक्ष द्यायची. उभं राह्याचं अन् सगळ्यांसमोर सांगायचं, मी अशी पापी होती, असं असं केलं, देवानं मले धुतलं. एका बाईनं सांगितलं, मी सासूले उपाशी ठेवत होती. सगळे रडले. टाळ्या झाल्या. पारू घरी आली ते तोंड पाडून.

“काय झालं वं?”

“पुढच्या रविवारी माही साक्ष हाय. अन् माह्याजवळ सांगाले पापच नाही हो.”

“मंग माह्यासंगं लग्न केलं ते सांग.”

तोंडाले पदर लावून हासली. तशी ती पुन्हा हासली नाही.

कारण ती पाप शोधाले लागली; सापडेना तशी साक्ष पुढं ढकलत राह्यली. चुलीपाशी, निंदणाले, भाकर थापता थापता. पास्टर सांगे, जन्मलेलं लेकरूही पापी असते, माणसानं आपल्या आत पाहावं. ती पाहे. सत्तरीची बाई. पन्नास वर्षं माह्यासोबत उन्हात बसून अंबाडी सोलली, दोराले पीळ देल्ला. आत पाहायची तिले कधी फुरसत नव्हती. आता फुरसत भेटली. मग पोटात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, बाबा, घरी घेऊन जा. बाजीवर पडल्या पडल्या तिले सापडलं पाप.

दुष्काळाचं साल. आमची पह्यली पोरगी सात महिन्यांची. पारूच्या छातीत दूध नाही, पोटातच काही नाही तं दूध कुठून येईन? पोरगी रडे, मग रडणंही बंद झालं तिचं. सगळीकडं रान जळालेलं, फक्त मालकाच्या विहिरीवरच्या मळ्यात ज्वारी उभी होती. पारूनं बांधावरून चार कणसं तोडली. भाजून खाल्ली, दूध यावं म्हणून. दूध आलं नाही. तिसऱ्या दिवशी पोरगी गेली.

पन्नास वर्षांत या गोष्टीचा एक शब्द ती बोलली नव्हती. आता बोलली.

“मी चोरी केली म्हणून गेली काय हो ती?”

मी म्हणालो, येडी झाली काय. पण ती ऐकेना. जेवण सोडलं. पास्टर आला तेव्हा तिनं त्याले सगळं सांगितलं. तो मायेनंच बोलला. म्हणाला, कबूल केलंत ना आजी, देव क्षमा करतो. ज्याचं घेतलं त्याचीही माफी मागा, मन हलकं होईल.

पारूले उठता येत नव्हतं. ती माह्याकडं पाहे. सकाळी पाहे, सांजंले पाहे. म्हणून मी गेलो.

घरी आलो. तिनं विचारलं, “देल्ली काय माफी?”

“देल्ली.”

डोळे मिटले तिनं. मले वाटलं, चला, अपमान झाला तं झाला, हिले तं झोप लागन. घडीभरानं डोळे उघडले.

“आणखी काही राह्यलं असन हो. नाही तं हे पोट काऊन दुखते?”

या पापाच्या विहिरीले बूड नाही, हे तेव्हा मले समजलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रार्थना आमच्याच घरी ठेवली, पारूसाठी. आठ-दहा माणसं खाली बसली, पास्टर बाजीपाशी. गाणं झालं. गाणे चांगले असतात त्यायचे, मी खोटं बोलत नाही. मग पास्टर मले म्हणाला, “काका, आज तुम्हीही म्हणा. फक्त एवढंच, की प्रभू, मी पापी आहे. आजीच्या जिवाला शांती मिळेल.”

सगळे माह्याकडं पाहून राह्यले. पारूही पाहून राह्यली.

मी विचारलं, “पास्टर, सात महिन्याच्या पोरीनं काय केलं होतं?”

“पाप जन्मानंच येतं, काका. पहिल्या माणसापासून. त्यातून कोणी सुटलेलं नाही.”

जन्मानं. हा शब्द मी आधी ऐकला होता.

मी आठ-नऊ वर्षांचा असन. पोळ्याच्या आधी बापासोबत मालकाच्या दारात गेलो. नव्या येसणी, कासरे, दावी. महिनाभर बापाचे हात सोलून निघाले होते. बापानं दोर ओट्याखाली, जमिनीवर ठेवले. मालकीण तांब्या घेऊन आली. आधी दोरांवर पाणी शिंपडलं, मग गड्यानं उचलले. त्या दोरानं बैल बांधले, बैल बाटले नाहीत. मी विचारलं, “पाणी काऊन टाकलं?” ओट्यावरून म्हातारा मालक, या पोराचा आजा, बोलला, “मागच्या जल्माचं पाप हाय तुमचं. भोगा.” माह्या बापानं मान खाली घालून म्हणलं, “हो मालक.”

शेजारच्या बौद्धवाड्यातल्या लोकायनं ते मागच्या जल्माचं गाठोडं कधीच फेकून देल्लं. माह्या बापाले जमलं नाही. मले वाटे, मले जमलं.

अन् आता माह्याच घरात, माह्या बायकोच्या उशाशी, तेच गाठोडं पुन्हा. तेव्हा पाप मागच्या जल्मातलं होतं, आता पह्यल्या माणसाचं. दोन्ही ठिकाणी मी हजर नव्हतो. मी यायच्या आधीच माह्यावर ठपका तयार. अन् माह्यापासून पाह्यजे काय? तर मान खाली. हो मालक.

“मी साक्ष देतो,” मी म्हणालो.

पास्टरचं तोंड खुललं. पारूचंही. मी उभा राह्यलो.

“ज्या महिन्यात हिनं चार कणसं तोडली, त्याच महिन्यात मी मालकाच्या घरी पोती शिवाले होतो. मागच्या सालची ज्वारी. थप्पी छताले टेकलेली. पोतं हालवलं का किडे पडत. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. किडे खाऊन राह्यले होते अन् माही पोरगी मरून राह्यली होती. आता सांगा पास्टर, पापी कोण?”

“तेही पापीच, काका,” तो हळूच म्हणाला. “देवासमोर सगळे सारखे.”

“सारखे?”

पास्टरनं हो म्हणून मान हालवली.

“ज्यानं भरल्या घराले कुलूप लावलं तो, अन् लेकराच्या दुधासाठी जिनं चार कणसं तोडली ती, सारखे? सगळेच पापी म्हणलं का कोणालेच धरता येत नाही, पास्टर. तो सुटला. अन् ही अडकली. ती पाहा, बाजीवर. त्याचा पोरगा घरी बसून हासून राह्यला, अन् ही रात्रंदिवस सोतालेच खाऊन राह्यली.”

“म्हणा ना हो,” पारू बोलली. आवाज असा, का वाळलेलं पान. “माह्यासाठी. एक डाव.”

सगळं आयुष्य या बाईनं मले काही मागितलं नाही. लुगडं नाही, चांदीचा मणी नाही. हे एक मागितलं.

“नाही म्हणत, पारू.”

तिनं भिंतीकडं तोंड केलं. माणसं उठून गेली. पास्टर जाताना माह्या खांद्यावर हात ठेवून गेला. माणूस वाईट नाही तो. पण वाईट नसलेल्या माणसानं सांगितलं म्हणून खोटं खरं होत नाही.

सकाळी मी पुन्हा मालकाकडं निघालो. आधी वाटलं, चार कणसं न्यावी अन् फेकावी पुढ्यात. रस्त्यात थांबलो. काऊन? परत देल्ली म्हणजे चोरी कबूल केली. रिकाम्या हातानं गेलो.

मालकाचा पोरगा खुर्चीवरच होता. त्यानं सगळ्यात आधी माह्या पायाकडं पाह्यलं.

“चप्पल घालून आत आला बे तू?”

“हो. मोबाइल चालू करा. परवा घेतलं तसंच हे घ्या.”

त्यानं मोबाइल उचलला नाही.

“मी माफी मागितली ती वापस घेऊन राह्यलो. माह्या बायकोनं चोरी केली नाही. मळा तुमचा असन, पण भूक तिची होती. तुमच्या घरात ज्वारीले किडे लागले होते, मी पोती शिवली, मले माहीत हाय. माफी मागायची असन तं तुम्ही मागा. ती आजून जित्ती हाय. लवकर या.”

“येडा झाला हा बुढा,” तो म्हणाला. पण हासला नाही.

तो आला नाही. येणार नाही हे मले माहीतच होतं.

घरी येऊन पारूले सांगितलं. ती भिंतीकडंच पाहून राह्यली. तशीच म्हणाली, “मंग पोरगी काऊन गेली हो?”

“भुकेनं.”

तिच्या डोळ्यातून पाणी उशीवर. मी पुसलं, ते पुन्हा आलं. रोज सकाळी मी तिले हेच सांगतो. भुकेनं गेली, पारू, तुह्या पापानं नाही. ऐकते का नाही, देव जाणे. दिवस थोडे राह्यले. ती गेल्यावर तिच्या लोकायनं यावं, तिच्या आवडीचे गाणे म्हणावे, तिले मातीत ठेवावं. मी खांदा देईन. पण त्या खड्ड्यापाशी जो कोणी तिले पापी म्हणन, त्याले मी तिथंच थांबवीन. पास्टर असो का मालक. हातात काठी असन माह्या.

माह्या मातीपाशी बोलाले मी नसन. म्हणून हे लिहून ठेवलं. तिथं मोठ्यानं वाचा.